उजवा अंगठा

१ ऑक्टोबर, बुधवार

आज घरात नवा डबा आला. पिठाचा नाही, टी.व्ही.चा. तळहाताएवढा, काळा, टी.व्ही.च्या पुढं टेबलावर ठेवाचा. बंटीनं पुण्याहून आणला. आता म्हणे केबल लागत नाही, जे पाहाचं ते रिमोटनं शोधाचं. मी म्हटलं, मले कायले पाहिजे बाप्पा, मले पाहाले वेळ कुठं आहे. तं म्हणे, आई, तुझ्यासाठी नाही, बाबांसाठी आहे.

यायले, बंटीच्या बाबाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली अन् बोलणं गेलं. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आलो तवा तोंडात एकच शब्द उरला होता, हाव. जेवता? हाव. भूक नाही का? हाव. लाईट बंद करू? हाव. राहू देऊ? हाव. ज्या माणसानं आख्ख्या बोरी अरबात बोलण्यात कोणाले जिंकू दिलं नाही, त्याच्या तोंडी देवानं एवढा एकच ठेवला. पाय आता काठीनं चार पावलं टाकते. हाताचं मात्र मागंच आहे. दारव्ह्याहून शाम येते व्यायाम घ्याले, फिजिओथेरपीचा डॉक्टर, आमच्या इकडच्याच तांड्यातला. तो म्हणते, काकू, उजवा अंगठा चालता ठेवा. अंगठ्यात जीव आला का बाकीची बोटं त्याच्या मागं येतात.

संध्याकाळी बंटीनं डबा जोडला, रिमोट यायच्या उजव्या हातात दिला अन् अंगठा कुठं ठेवाचा ते दाखवलं. यायनं लय वेळ जोर लावला. कपाळावर घाम आला. अन् लागला. शंकरपट लागला. शर्यतीतली बैलायची जोडी धुराळा उडवत निघाली, लोक ओरडाले लागले अन् हे हसले. पोळ्यापासून पहिल्यांदा हसले. यायची स्वतःची जोडी एका काळी पटात पळत होती, बक्षिसाची घड्याळं अजून कपाटात आहेत, एकही चालत नाही. आमची सून समीक्षा डोळ्याले पदर लावून रडली. मी काही रडली नाही, मी कांदा चिरत होती.

अंगणवाडीतून रिटायर झाली तरी रोजचं रोज लिहाची सवय सुटत नाही. आजचं लिहून ठेवते, का आज हे हसले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पहाटे उठून सबन घासलं. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, फ्रिज, बंटीची गाडी, सगळ्याले हळद-कुंकू लावलं. नव्या डब्यालेही लावलं. त्याच्या समोरच्या अंगाले मधोमध एक चकचकीत ठिपका आहे, नखाएवढा, बाकीचा डबा खरबरीत. बनवणाऱ्यानं जशी टिळ्यासाठीच जागा सोडली. तिथं हळद कालवून लावली, वरून कुंकू, वरून चार तांदूळ. असा गोजिरा दिसला का खुशीनं, माह्या नातीनं, त्याचा फोटो काढला.

आमच्या सासूबाईची रीत होती. नवं जिन्नस घरी आलं का दिवाळीच्या लक्ष्मीपर्यंत दर शुक्रवारी त्याले कुंकू चढवाचं. पहिलं पुसाचं नाही, त्याच्यावरच चढवाचं. कुंकू पुसाची गोष्ट या घरात कोणी तोंडानंही काढत नाही.

संध्याकाळी यायनं पट लावाले घेतला तं लवकर लागेना. बंटी म्हणे, दिवसभर पाहुणे होते, बाबा थकले असतील.

४ ऑक्टोबर, शनिवार

पोरं गेली. घर भकास झालं.

जाच्या आधी बंटीनं मले स्वयंपाकघरात बोलावलं अन् हळूच सांगतलं का तुम्ही दोघं पुण्याले चला, इथं एकटी किती करशीन. मी म्हटलं, बाबाले विचार. तं त्यानं जाऊन विचारलं, बाबा, पुण्याला यायचं ना?

हे म्हणाले, हाव.

बंटीचा चेहरा कसा खुलला. मी उंबरठ्यात उभी होती. मले सांगावंसं वाटलं का अरे बाबा, त्यायले आता 'इहिरीत उडी मारता का' विचार, तरी हावच म्हणतीन. पण पोराचा जीव तुटते, ते मले दिसत होतं. शेवटी ठरलं का दिवाळीपर्यंत पाहाचं. हात सुधारला, रिमोट तरी स्वतःचा स्वतः चालवाले लागले, तं इथंच राहाचं. नाही तं दिवाळी झाली का घराले कुलूप.

हे सगळं यायच्या समोरच बोलणं झालं. यायनं रिमोट असा धरला होता का कोणी हिसकून नेते.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

नाही चालत. सकाळपासून हे बाजीवर बसून दाबून राह्यले, अंगठा पांढरा पडतपर्यंत, अन् डबा ढिम्म. मंग मी त्यायच्या हातातून रिमोट घेते, टी.व्ही.जवळ जाते, मले दुरून अक्षरं दिसत नाहीत, अन् दाबते. एक-दोन बारीत लागते. म्हणजे रिमोटही ठीक, डबाही ठीक.

बंटीनं फोनवर विचारलं, आई, तू दाबलं तर चालतं ना? मी काय खोटं बोलू. म्हटलं, चालते.

अंगठ्यातच जोर नाही. पहिल्या दिवशी कसा काय लागला होता कोणास ठाऊक. विझाच्या आधी दिवा मोठा होते म्हणतात, तसं तं नसन? असं लिहू नये, पण मनात आलं.

दूध आटवलं. यायनं अर्धी वाटी घेतली.

८ ऑक्टोबर, बुधवार

उकंडाले बोलावलं. गावात डिश अन् केबलचं तोच पाहाते. आला तसा पहिले चप्पल काढून डब्याच्या पाया पडला, म्हणे, काकू, पूजा चांगली केली. मंग रिमोटचे सेल बदलले. मंग मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोट त्याच्यासमोर धरला अन् बटन दाबलं, तं मोबाईलमध्ये रिमोटच्या टोकाले जांभळा उजेड लुकलुकताना दिसला. तसाच डोळ्यानं पाहा तं काहीच दिसत नाही. त्यानं समजावलं का रिमोट हा उजेड फेकते अन् डब्यानं तो पकडाचा असते. उजेड तं एक नंबर आहे. टेबलाजवळ उभं राहून त्यानं दाबून पाह्यलं, चाललं. मंग यायच्या हाताकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. चहा घेतला. जाताना म्हणे, काकू, डब्याची पकड थोडी कमजोर असन, पण माणूस नेटानं दाबणारा पाहिजे.

तो गेल्यावर हे भिंतीकडं तोंड करून झोपले. मले त्या उकंडाचा असा राग आला का काही विचारू नका. पण त्यानं काय वावगं सांगतलं?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डब्याले कुंकू चढवलं. देवीले म्हटलं, माय, यायच्या अंगठ्यात जोर दे, मी पाच सवाष्णी जेवू घालीन. आज कुंकू जरा सढळ हातानंच लावलं.

लावून वळली तं हे डावं बोट कपाळाले लावत होते. परत परत. कपाळ, मंग टी.व्ही., मंग कपाळ. मी म्हटलं, डोकं दुखते? म्हणे, हाव. बाम चोळला. बाम चोळत होती तं माह्या हाताले झटका दिला. दुखणाऱ्या माणसाचं असंच असते, चिडचिड होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शाम आला होता. त्यानं यायच्या हातात रबराचा चेंडू दिला, अंगठ्यानं दाबाले लावलं अन् म्हणे, काकाजी, मागच्या आठवड्यापेक्षा चांगला जोर आहे. मी हसली. डॉक्टर लोकायले असं बोलाच लागते, नाही तं पेशंट उद्या हात काढून घेईन. गेल्यावर मी मुद्दाम यायले म्हटलं, ऐकलं ना, जोर आहे म्हणते, मंग लावा पट. यायनं दाबलं. दाबलं, दाबलं, दाबलं. मंग रिमोट असा भिरकावला का तो पाण्याच्या माठाले लागला.

मी पण माणूसच आहे. मी बोलली. म्हटलं, मले फेकून मारा आता, तेवढंच राह्यलं. मंग खाली बसून रिमोटचं झाकण शोधलं, सेल शोधले, एक सेल बाजीखाली गेलता. वर पाह्यलं तं हे परत कपाळाले बोट लावून बसले, डोळ्यात पाणी. मले वाटलं, नशिबाले दोष देऊन राह्यले. माह्याही डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, नशीब नाही हो, होईन सबन चांगलं. तं डावा हात झटकला. मंग परत कपाळ.

मंग मले वाटलं, गंध पाहिजे असन. दुखण्यापासून यायले कोणी गंध लावलंच नाही, अन् आधी तं गंधाशिवाय घराबाहेर पाय टाकत नव्हते. माह्याच ध्यानात नाही आलं. देवघरातून कुंकू आणलं अन् मोठा टिळा लावला. हे माह्याकडं असे पाहून राह्यले का मले कळलंच नाही, राग आहे का हसणं आहे.

आता रोज सकाळी लावत जाईन.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बंटीनं तिकिटं काढली. भाऊबीज झाली का निघाचं. फोनवर मी बरं म्हटलं.

खरं लिहू? एक मन म्हणते जावं. तिथं सून आहे, मोठे दवाखाने आहेत, खुशीच्या तोंडाकडं पाहून दिवस जाईन. मी पण थकली आहे, रोज यायले उठवून बसवून माही कंबर गेली. पण तिथं चौदाव्या मजल्यावर हे कोणाले हाव म्हणतीन? इथं दारातून जाणारा माणूस हाका मारते, काय घनश्यामभाऊ, अन् हे हाव म्हणतात, अन् ते उत्तर बरोबर असते. इथं यायचं हाव चालून जाते. तिकडं नाही चालणार. हे बंटीले कसं सांगू, मले सांगता नाही आलं.

दिवाळीची साफसफाई काढली. टी.व्ही., टेबल, डबा सबन ओल्या फडक्यानं पुसलं. डब्याचा कोपरा न् कोपरा पुसला, फक्त कुंकवाले बोट लागू दिलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

अक्षर वाकडं येते. पण आजचं आजच लिहाचं.

सकाळी गाय-वासराची पूजा करून आली, यायले गंध लावलं, अन् शुक्रवार म्हणून कुंकवाची वाटी घेऊन डब्याकडं निघाली. तं मागून बाजीवर हात आपटल्याचा आवाज. पाह्यलं तं हे लालबुंद. मी जवळ गेली. यायनं माह्या डोळ्यात डोळे घालून उजवा हात उचलला, डाव्यानं त्याले आधार दिला, अन् उजव्या अंगठ्यानं स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं. आत्ता लावलेलं. सणाच्या दिवशी.

म्हटलं, असं अभद्र कायले करता? तं यायनं रिमोट उचलला, टी.व्ही.कडं धरला, दाबला. काही नाही. परत कपाळ पुसलं. परत रिमोट धरला. अन् बोट दाखवलं, टी.व्ही.कडं नाही, खाली, डब्याकडं. डब्याच्या टिळ्याकडं.

मी उभीच राह्यली. उकंडाचं बोलणं आठवलं, रिमोट उजेड फेकते अन् डब्यानं पकडाचा असते. मी त्या डब्याच्या डोळ्यावर हळद, कुंकू अन् तांदूळ थापत बसली होती, अन् दर शुक्रवारी वरून आणखी एक थर. डोळसाले आंधळं करून देवीले म्हणत होती, यायच्या अंगठ्यात जोर दे.

अन् कळलं तरी हात पुढं होईना. कुंकू पुसाचं. यायच्या समोर, यायचं असं असताना, माह्या हातानं. मी म्हटलं, मले नाही होत. मी वाटी घेऊन तशीच बसली अन् रडाले लागली. आज कांदा नव्हता.

यायनं काठी घेतली. मी म्हटलं थांबा, मी धरते, पण थांबले नाही. मी नुसती काखेत हात घालून सोबत गेली. बाजीपासून टेबलापर्यंत गेले, आजवर एवढं गेलेच नव्हते. टेबलाले रेटून उभे राह्यले. मी तांब्यातलं पाणी ओतलं तेवढं, बाकी सबन यायनं केलं. हळद वाळून दगड झाली होती. अंगठ्यानं घासलं, नखानं खरवडलं, तांदूळ उकरले. त्याच उजव्या अंगठ्यानं, ज्याच्यात जोर नाही म्हणून आम्ही घराले कुलूप लावाले निघालो होतो. खालून काळा ठिपका निघाला, चकचकीत, पहिल्या दिवशी होता तसा. मी पदरानं कोरडा केला.

बाजीवर आलो. मी सवयीनं रिमोट घेऊन टी.व्ही.जवळ जाले उठली तं यायनं माहा पदर धरून खाली बसवलं. अन् बसल्या जागेवरून दाबलं. एकदाच.

पट लागला. पांढरी जोडी होती, हाकणारा पटका बांधलेला. एवढा मोठा आवाज झाला का गोठ्यातली गाय हंबरली.

मले तवा समजलं का बाजीवर बसून मी एकदाही दाबून पाह्यलं नव्हतं. रोज यायच्या हातातून काढून घेतला, जवळ जाऊन दाबला, अन् दोष यायच्या अंगठ्याले दिला. काखेत कळसा अन् गावाले वळसा, अन् वळसा घालणारी मी. तसं यायले सांगाले गेली का मी काय करून बसली, तं हे पटाकडून माह्याकडं वळले, ओठ वाकडे केले, जोर लावला, अन् म्हणाले,

"येडी."

मी म्हटलं, काय म्हटलं?

"येडी."

लग्न झाल्यापासून हजार बारी ऐकला असन हा शब्द, अन् दरवेळी मी उलटून बोलली. आज मी यायच्या मांडीवर डोकं ठेवलं अन् म्हटलं, आणखी एकदा म्हणा.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनतेरस

शामले फोन करून सांगतलं. तो हसून म्हणे, काकू, मी जोर आहे म्हणून सांगतलं तं तुम्ही हसल्या होत्या. मी म्हटलं, बाबा, माहं चुकलं. मंग घाबरत विचारलं का शब्द आला तोही असा आला, हे बरं का वाईट. म्हणे लय बरं. गेलेलं बोलणं परत येते तवा शिवी अन् सवयीचे शब्दच पहिले येतात, आता रोज बोलवत जा. बोलवाले काय लागते, मी दिवसभर चुका करते.

दुपारी उकंडा रस्त्यानं जाताना दिसला. त्याले आत बोलावून सबन दाखवलं. त्यानं कपाळाले हात लावला अन् म्हणे, मी तं पाया पडून मोकळा झालतो.

रात्री भूक लागून जेवली. इतक्या दिवसांत जेवण जेवणासारखं लागलं नव्हतं, हे आज जेवल्यावर कळलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

पोरं काल आली. बंटीले मुद्दामच काही सांगतलं नव्हतं. तो दारातून आत आला तं हे बाजीवर बसून पटामागून पट लावत होते, अन् आवडला नाही तो पुढं ढकलत होते. बंटी पिशव्या हातात घेऊनच उभा राह्यला. मंग मी सांगतलं, अन् समीक्षा हसून हसून खाली बसली. खुशीनं मोबाईलमधला दसऱ्याचा फोटो काढून दाखवला, गोजिऱ्या डब्याचा. त्यात सबन स्पष्ट दिसून राह्यलं, टिळा अन् टिळ्याखालचा डोळा. आम्ही सगळ्यायनं तवा तो फोटो पाह्यला होता अन् छान म्हटलं होतं.

संध्याकाळी पूजेच्या वेळी सासूबाईची रीत आठवली. लक्ष्मीपर्यंत चढवाचं, अन् आज लक्ष्मी. ताट घेऊन डब्याजवळ गेली. मागं वळून पाह्यलं तं हे पोलिसावानी नजर ठेवून. मी डबा उचलला, उलटा फिरवला, अन् मागच्या बाजूले, जिथं वायरी जातात त्याच्या वर, बोटाच्या टोकानं इवलंसं कुंकू लावलं. सासूबाई काही म्हणणार नाही. तिलेही पोराचाच जीव प्यारा होता.

जेवणं झाल्यावर बंटी यायच्या पायाशी बसला. हातात मोबाईल होता, तिकिटं त्यातच होती. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग यायच्याकडं, अन् विचारलं, "बाबा, मग पुण्याला यायचं ना?"

आता हाव म्हणतीन अन् पोरगं खरं समजन, एवढंच डोक्यात. मी मधात बोलाले तोंड उघडलं तं यायनं हात वर करून मले थांबवलं. बंटीकडं नीट पाह्यलं. ओठ जुळवले, एक बारी चुकले, परत जुळवले.

"येडा."

बंटी बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसला, अन् किती वेळ वर पाह्यलंच नाही. समीक्षानं त्याच्या हातातून मोबाईल घेतला अन् दोन तिकिटं रद्द केली, आमची. यायनं रिमोट उचलला अन् पट लावला.